विमानतळाचा पास गळ्यात घालण्यापूर्वी

मुंबई, पुणे, मोपा आणि आता नवी मुंबई येथील विमानतळांवर सामान चढवणारे, सफाई करणारे किंवा उपाहारगृहात राबणारे अनेक मराठी तरुण रोज ज्या दारातून आत जातात, त्या दारापलीकडचा भाग कायद्याने सुरक्षा-प्रतिबंधित ठरवलेला असतो. तेथील प्रवेशाची परवानगी नेमून दिलेल्या कामापुरतीच असते, आणि हे एकदा मनात पक्के झाले की पुढील बहुतेक नियमांमागचे कारण आपोआप उलगडते.

या क्षेत्राचे नियम २०२३ च्या विमान सुरक्षा नियमांत आहेत आणि त्यांच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘बीकॅस’कडे आहे. दारावर प्रत्यक्ष तपासणी करणारे जवान बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे असतात. १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर, २००० पासून ही जबाबदारी या दलाकडे येत गेली. पाससाठीचा अर्ज तुमची कंपनी करते. त्याआधी पोलीस पडताळणी आणि सुरक्षाविषयक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, म्हणून अर्जात पत्ता किंवा एखादा जुना गुन्हा लपवू नका.

पास हाती आला की त्यावर कोणत्या विभागांची परवानगी नोंदवली आहे ते आधी वाचा, कारण आगमन कक्षाचा पास असलेल्याने प्रस्थान कक्षात जाणे हासुद्धा नियमभंगच होय. पास छातीवर सर्वांना दिसेल असा लावावा, कोणालाही वापरायला देऊ नये आणि प्रत्येक वेळी आत जाताना अंगझडती द्यावी, मग तुम्ही दिवसातून दहा वेळा आत-बाहेर का करेनात. सुट्टीच्या दिवशी दुबईला निघालेल्या मेहुण्याला गेटपर्यंत सोडण्यासाठी पास वापरणे हा त्याचा गैरवापर आहे.

सर्वांत जास्त जपायचे ते दुसऱ्याच्या वस्तूंना. तपासणी संपवून आत बसलेल्या मुलाचा लाडवांचा डबा बाहेर राहिलेला असतो, त्याची आई काकुळतीने म्हणते, “बाळा, एवढा आत देतोस का?” आणि नाही म्हणताना जीव खरोखर कासावीस होतो. तरीही नाहीच म्हणावे. डब्यात लाडूच आहेत हे तुम्हाला फक्त तिच्या शब्दावरून ठाऊक असते, आणि तपासणी चुकवून आत गेलेल्या वस्तूची जबाबदारी ती नेणाऱ्यावर येते. त्या माऊलीला आदराने विमान कंपनीच्या काउंटरवर घेऊन जावे. तेवढी मदत आपल्याला नक्की करता येते.

हत्यारांचेही असेच. सुरक्षा तपासणीपलीकडच्या उपाहारगृहात भाजी चिरण्याची सुरी साखळीने ओट्याला बांधलेली दिसते, तर दुरुस्ती कामगाराचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आत नेताना नोंदवून बाहेर पडताना पुन्हा मोजले जातात. पाळी संपताना रजिस्टरात सहा सुऱ्या आणि ओट्यावर पाचच असतील, तर घरी जाण्याची घाई न करता लगेच पर्यवेक्षकाला सांगावे. सहावी सुरी कचऱ्याच्या पिशवीत सापडली तरी सांगितल्याचा तोटा होत नाही. न सांगता निघून गेलात तर मात्र पुढची सगळी चौकशी तुमच्याभोवती फिरते.

कार्डाने उघडणाऱ्या दारातून आपल्यामागोमाग ओळखीच्या सहकाऱ्यालाही येऊ देऊ नये, त्याने स्वतःचे कार्ड लावावे. बेवारस बॅग दिसली तर हात न लावता जवानांना कळवावे. तपासणीच्या जागेची छायाचित्रे काढू नयेत, आणि पुण्यासारख्या हवाई दलाच्या तळावर याबाबत अधिकच काटेकोर राहावे.

पास हरवला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पोलिसांत तक्रार नोंदवून त्या तक्रारीची प्रत कंपनीला आणि पास कार्यालयाला द्यावी, म्हणजे तो पास बंद करता येतो. नोकरी सोडताना किंवा बदली होताना पास आठवणीने परत करावा आणि तो परत केल्याची सही-शिक्क्याची पोच स्वतःजवळ ठेवावी.