बियाण्याच्या लोंब्या कापणीआधीच वेगळ्या काढा

मुरबाड, शहापूर पट्ट्यात हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पिवळं पडायला लागलंय. परतीच्या पावसाच्या धास्तीने विळे घाईत चालतात आणि पुढच्या वर्षीचं बियाणं खळ्यावरच्या राशीतून हाताला येईल तसं उचललं जातं. भेसळ तिथेच शिरते. म्हणून कापणीआधीची एक सकाळ बियाण्यासाठी राखा, आणि निवड घरातल्या बाईच्या हाती द्या. लावणी तिने केली, बेणणी म्हणजे तण काढणं तिने केलं. कुठल्या खाचरात दाणा भरला नि कुठे करपा रोग फिरला, हे तिच्या नजरेखालून गेलेलं असतं. सातबारा पुरुषाच्या नावावर म्हणून प्रशिक्षणाचं बोलावणंही त्यालाच येतं, हे मला पटत नाही. बियाण्याच्या बैठकीला दोघांनी जावं; एकालाच जमत असेल तर तिने जावं.

संकरित वाणाचं भात बियाण्याला ठेवू नका, पुढच्या वर्षी ते एकसारखं येत नाही. गावठी आणि सुधारित वाणांचं घरचं बियाणं चालतं, कारण भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने दाणा धरतं. असं बियाणं राखायचा आणि एकमेकांना द्यायचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे.

बांधाकडच्या ओळी सोडून खाचराच्या मधल्या भागात शिरा. उंच वाढलेली, आधी पिकलेली, कुसळाची, रानटी भाताची रोपं आधी उपटून बाहेर टाका. लोळलेल्या किंवा काजळी रोग धरलेल्या चुडातलं, म्हणजे रोपांच्या झुपक्यातलं, काहीच घेऊ नका. उरलेल्यातल्या भरदार लोंब्या, दहातले नऊ दाणे पिकले की, हाताने खुडा. एका एकराच्या लावणीला १५ ते २० किलो बियाणं पुरतं. निवडताना दीडपट घ्या, वाळवताना नि पाखडताना घट येतेच. झोडणी वेगळ्या ताडपत्रीवर हातानेच करा. मळणी यंत्राच्या कोपऱ्यात आदल्या शेतकऱ्याचं भात अडकलेलं असतं.

तीन-चार दिवस उन्हात पातळ पसरून वाळवा. डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या पत्र्यावर नको, अंकुर मरतो. दाणा दाताखाली कट्कन तुटला की शेणाने सारवलेल्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरा आणि वाणाचं नाव लिहून ठेवा.

खाडीकाठच्या बायांना खास सांगणं: खाऱ्या जमिनीत तगणारं राता भात कुणाकडे मूठभर जरी उरलं असेल तरी ते यंदा वाढवा. असे वाण एकदा गेले की दुकानात मिळत नाहीत.

एक वाण एकाच घरात ठेवू नका. बचत गटातल्या निदान दोन घरी तो असावा आणि उसना दिलेला सवाईने परत यावा. वहीत वाण, खाचर आणि राखणारीचं नाव लिहा, नवऱ्याचं नको. सह्याद्रीपलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले, बाकीच्या बायांनाही त्यात ओढलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या वाड्या-पाड्यांवरही असं जपणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्याकडून वाणांची नावं आत्ताच लिहून घ्या.

वैशाखात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ऐंशीच्या खाली आली तर दुसऱ्या घरचं बियाणं आणा. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओता, तरंगणारं काढून टाका, बुडालेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.