स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचे काम काढून न घेता ते कसे बेतून द्यावे

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांची हयात मागावर किंवा विड्या वळण्यात गेली, अशा एखाद्या ज्येष्ठाला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की ‘आता यांनी नुसते बसून राहायचे’ असे घरातले बहुधा परस्पर ठरवून टाकतात. हेतू काळजीचा असला, तरी त्यामुळे माणसाची दिवसाची घडीच मोडते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करून घ्यावी.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात साधारणतः अलीकडच्या घटना आधी विसरल्या जातात, तर हाताला बसलेली सवय बराच काळ टिकते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारे आजोबा म्हणूनच टॉवेलची घडी बिनचूक घालू शकतात. चालू यंत्रमाग आणि तंबाखू यांपासून मात्र त्यांना दूर ठेवावे. उघड्या टॉवेलांची लहान थप्पी त्यांच्या एका हाताला आणि घड्या ठेवायची रिकामी जागा दुसऱ्या हाताला ठेवून, नमुन्याची एक घडी समोर मांडावी आणि ‘आठवतंय का?’ असे न विचारता ‘ही अशी घाला’ एवढेच सांगावे. घडी चुकली, तर ती त्यांच्यादेखत उकलू नये. घातलेल्या घड्या मोडून तेच टॉवेल पुन्हा पुढे ठेवणे मला अपमानास्पद वाटते. काम खरोखर गरजेचे असावे, आणि त्याची मजुरी मिळत असेल तर ती त्यांच्याच हातात द्यावी.

या भागातील, मराठी नंतर शिकलेल्या तेलुगूभाषक ज्येष्ठांना पुढेपुढे मराठी शब्द सुचेनासे होऊ शकतात, तेव्हा नातवंडांनी त्यांच्याशी तेलुगूतच बोलावे. दवाखान्यातही ‘यांना काही कळत नाही’ असे त्यांच्यासमोर म्हणू नये.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि उतारवयात तहान नीट जाणवत नाही. म्हणून काम सकाळीच उरकावे व पाणी आठवणीने हातात द्यावे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर तो आजाराचाच भाग मानून थांबू नये, कारण पाण्याची कमतरता किंवा लघवीतील जंतुसंसर्गही त्यामागे असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बँक, घर आणि मृत्युपत्र यांचे निर्णय सुरुवातीच्या काळातच, त्यांना विचारून घ्यावेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार पुढील उपचारांबाबतची इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते व आपला प्रतिनिधी नेमता येतो. केवळ निदान झाले म्हणून कोणी निर्णय घेण्यास असमर्थ ठरत नाही. घरात या व्यक्तीची आबाळ होत असेल, तर शेजाऱ्यांनाही ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या मदतक्रमांकावर कळवता येते.