व्हायोलिनवर कॉर्ड कशी वाजवावी: जोर नको, कोपर सांभाळा

व्हायोलिनवर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) वाजवायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: गज दाबा. दाबल्यावर जो खरखराट होतो तो सल्ला देणाऱ्यानेच एकदा शेजारी बसून ऐकावा. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) कमानदार असल्यामुळे गज एका वेळी दोनच तारांवर आरामात टेकतो, जरा वजन दिलं तर क्षणभर तीन तारांवर. चारही तारा एकदम लांबवत धरणं नेहमीच्या गजाने होत नाही. म्हणून चार स्वरांची कॉर्ड मोडूनच वाजते, आधी खालच्या सुराच्या दोन जाड तारा आणि लगेच वरच्या सुराच्या दोन बारीक.

इथे कुणीतरी जर्मन संगीतकार बाखचं नाव काढतोच. 1720 साली त्याने एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचना स्वहस्ते उतरवल्या आणि त्यांत चार स्वरांच्या कॉर्ड लिहिल्या हे खरं. पण त्या काळचा गज म्हणे इतका वाकलेला असायचा की चारही तारा एकदम वाजत, ही विसाव्या शतकातली कल्पना. बाखचे अभ्यासक आणि ऑर्गनवादक अल्बर्ट श्वाइत्झर यांच्यासारख्या मोठ्या माणसाने ती उचलून धरली, तसे खास गजही बनले, पण पुराव्यावर ती टिकली नाही. तेव्हाही कॉर्ड मोडूनच वाजवत.

तारा जाडीपासून बारीकपर्यंत जी, डी, ए, ई अशा मिळवा. सा-प-सा-प मिळवून मांडी घालून वाजवणाऱ्यांनी एवढ्यापुरतं उभं राहावं आणि खुंट्या फिरवाव्यात, नाहीतर खाली दिलेली बोटं जुळणार नाहीत.

सुरुवात उघड्या तारांच्या जोड्यांपासून: जी-डी, डी-ए, ए-ई. दोन्ही तारा सारख्या बोलल्या की पुढे चला.

पहिली कॉर्ड जी मेजर. जी आणि डी उघड्या, ए तारेवर पहिलं बोट (बी), ई तारेवर दुसरं बोट पहिल्याला जवळजवळ चिकटून (वरचा जी). बोटं टोकावर उभी हवीत. आडवी पडली की शेजारची तार मुकी होते. गज हलण्याआधी दोन्ही बोटं तारेवर बसलेली असली पाहिजेत.

आता सूर. हे बी उघड्या ई तारेशी जुळवलं तर ते 495 हर्ट्झला बसतं. तेच उघड्या डी तारेशी जुळवलं तर 489 ला. बोट एकच, तार एकच, पण जागा वेगळी, आणि फरक कानाला स्पष्ट कळतो. जी मेजरमध्ये खाली डी वाजतोय, म्हणून खालचं बी घ्यायचं, म्हणजे बोट किंचित मागे. फोनवरचा ट्यूनर 494 मागतो. इथे त्याचं ऐकू नका. आधी डी आणि ए तारा एकत्र ओढून बी बसवा, मगच वरचा जी ठेवा.

इथवर कुणीही येतो. गाडी अडते ती मोडताना. माझीही बरेच महिने इथेच अडली होती. खालची जोडी छान वाजायची आणि वरच्या जोडीवर गज आदळून ई तार किंचाळायची. त्यावर मला मिळालेले सल्ले सगळे मनगटाचे होते: मनगट सैल सोडा, मनगट झटका. मनगटाच्या झटक्याने गज वरच्या तारांवर पडतो, आणि पडलेला गज किंचाळणारच.

तारा बदलतो तो कोपर. जी तारेवर कोपर उंच असतो, ई तारेवर सगळ्यात खाली, आणि मधल्या जोड्या धरून गजाच्या एकंदर सात पातळ्या होतात. चार स्वरांच्या कॉर्डमध्ये कोपर जी-डीच्या पातळीवरून ए-ईच्या पातळीवर उतरतो, आणि वाटेत त्याला डी-ए लागतेच. ती वाटेतली जोडी गाळायची नाही. सरावात तिथे चक्क थांबायचं. गज मुठीजवळ तारांवर आधीच टेकवा, हवेतून आणू नका. मुठीकडून टोकाकडे जाणाऱ्या एकाच ओढीत जी-डी, मग डी-ए, मग ए-ई, प्रत्येकी एक संथ मात्रा, मध्ये आवाज न तोडता. गज तारेवरून एकदाही उठता कामा नये. हे जमलं की मधल्या जोडीचा मुक्काम कमी करत न्या. शेवटी ती ऐकूही येणार नाही, पण कोपर तिथूनच जाईल.

दुसरी भानगड गजाच्या हिशोबाची. उत्साहात खालच्या जोडीवरच अर्धा गज उधळला जातो आणि वरचे स्वर टोकाशी पातळ होऊन मरतात. खाली जेमतेम पाव गज, संथ आणि वजनदार. वर पोचताना वजन सोडा आणि वेग वाढवा. इथेही दाबणारे असतात. त्यांना वरची जोडी घुमलेली कधी ऐकायला मिळत नाही. गाण्याची चाल वरच्या स्वरात असेल तर तो स्वर ठेक्यावर पडू द्या आणि खालची जोडी त्याच्या निमिषभर आधी काढा. आरशासमोर वाजवताना उजवा खांदा कानाकडे चढलेला दिसला तर तिथेच थांबा. त्या खांद्याने केलेला सराव नंतर मोडून काढावा लागतो.

तीन तारांच्या कॉर्डला मोडायची गरज नाही. डी मेजर घ्या: डी आणि ए उघड्या, ई तारेवर पहिलं बोट (एफ शार्प). गज मधल्या ए तारेवर टेकवायचा, घोडीपासून थोडा फिंगरबोर्डकडे (बोटं जिथे दाबतो त्या काळ्या पट्टीकडे). तिथे तार जास्त दबते आणि शेजारच्या दोघी आपोआप गजाला लागतात. हाताचं वजन सोडा, छोटी आणि झटपट ओढ घ्या.

पुढे सी मेजर: जी उघडी, डी तारेवर पहिलं बोट, ए तारेवर दुसरं बोट पहिल्याला लागून, ई उघडी. ए मेजर सगळ्यात शेवटी, कारण तिथे पहिल्या बोटाने जी आणि डी या दोन्ही तारा एकदम दाबायच्या असतात. बोट दोन तारांच्या मधोमध ठेवा. एक तार बरोबर आणि दुसरी उतरलेली येत असेल तर बोट सरकवू नका, उतरलेल्या तारेवर ते किंचित पुढे कलवा. तरीही जमत नसेल तर तारा जुन्या झाल्या आहेत का ते बघा. घासलेल्या तारांवर एका बोटाने दाबलेला हा दोन तारांचा पंचम कुणाच्याच बोटाने लागत नाही.