आठवडी बाजार आणि एक पाकीट मिक्स : बदलीवर विदर्भात येणाऱ्यांसाठी

यवतमाळ-दारव्हा भागात नव्याने येणाऱ्यांनो, खेड्यात ताजी भाजी मुबलक मिळते ती बाजाराच्या दिवशी. बाजार होऊन चार दिवस झालेत, दोघंही ड्युटीवरून उशिरा आलात आणि पोरं भुकेली आहेत, अशा संध्याकाळी पॅनकेक मिक्सचं पाकीट फार उपयोगी पडतं. मी मूळची रत्नागिरीकडची, आता इथलीच झाले. माझ्या घरात ते कायम असतं. गावातल्या किराणा दुकानात मिळेलच असं नाही, यवतमाळ-अमरावतीला गेलात की घेऊन ठेवा.

पाकिटाच्या मागची यादी आधी वाचा. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, कधी थोडं तेल आणि बहुतेक वेळा साखर. साखर यादीत वर असेल तर ते गोडालाच ठेवा. तिखटासाठी घरी करणं उत्तम: चार कप मैदा, दोन मोठे चमचे बेकिंग पावडर, दीड लहान चमचा मीठ, आणि चार मोठे चमचे तूप बोटांनी चोळून सगळं रवाळ करायचं. निम्मी कणीक घातली तरी चालते.

ही युक्ती आगगाडीतली आहे. १९३० मध्ये अमेरिकेतल्या जनरल मिल्स कंपनीच्या कार्ल स्मिथ यांना रेल्वेत गरमागरम बिस्किटं (तिकडची, मऊ पावासारखी) झटपट मिळाली. स्वयंपाक्याने पीठ, चरबी, मीठ, बेकिंग पावडर आधीच मिसळून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी कंपनीचं बिस्क्विक नावाचं तयार मिक्स बाजारात आलं. त्यातली बर्फाची पेटी विसरू नका. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तूप घातलेलं पीठ खवट होतं, म्हणून डबा फ्रिजमध्येच ठेवा. पावसाळ्यात बेकिंग पावडर दमट होऊन निकामी होते. चमचाभर गरम पाण्यात टाकून फसफसते का बघून घ्या.

आता मुख्य पदार्थ, वरणात शिजवलेले मिक्सचे गोळे. तुरीचं वरण नेहमीपेक्षा पातळ करा, कारण गोळे पाणी ओढतात. लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी द्या, भिवापुरी मिरची मिळाली तर तीच वापरा. दोन कप बिनसाखरेच्या मिक्समध्ये पाऊण कपाहून थोडं कमी ताक आणि मूठभर चिरलेला सांभार (म्हणजे कोथिंबीर) घालून सैलसर गोळा करा. मळू नका, फक्त एकत्र करा. मळलं की चिवट होतं. उकळत्या वरणात चमच्याने छोटे गोळे सोडा, आच कमी करा, दहा मिनिटं उघडं आणि दहा मिनिटं झाकण ठेवून शिजवा. ती शेवटची दहा मिनिटं झाकण उचलायचं नाही, वाफेवरच गोळे फुलतात. वरून कच्चं तेल किंवा तूप. शेजारच्या काकू वरणफळं करतात तशीच चव लागते, पण लाटणं-कापणं वाचतं. हिवाळ्यात त्यात तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणेही घाला.

निम्मं मिक्स, निम्मं बेसन, कांदा, ओवा, हिरवी मिरची: मंद तव्यावर जाडसर धिरडी होतात, सोबत जवसाची चटणी. वीज गेली तरी अडत नाही.

गोड मिक्सचा केक कुकरमध्ये करा. शिटी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून कुकर दहा मिनिटं तापवा, मग भांडं ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. संत्र्याच्या दिवसांत पीठ रसातच कालवा, दूध घालू नका, फाटतं. साल किसताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू लागतो.

रोडगे, म्हणजे विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे, मात्र या मिक्सचे करायला जाऊ नका. त्यांना जाडसर दळलेली कणीक आणि गोवऱ्यांचा विस्तव लागतो. शेतात किंवा मारुतीच्या देवळापाशी रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण असतं. बोलावणं आलं की त्या दिवशी घरी चूल पेटवू नका, पोरांना घेऊन जा.