फोनवर फायरफॉक्स आपल्या सोयीने कसा लावावा

एकदा फ्रिजचे भाव पाहिले की आठवडाभर प्रत्येक बातमीशेजारी फ्रिजच दिसतो. हा ससेमिरा कमी करायचा असेल तर अँड्रॉइडवर मोझिलाचा फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या. क्रोम मात्र लगेच काढू नका.

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ॲड्रेस बार खाली आणा. लोकलमध्ये एक हात कडीला असताना अंगठा स्क्रीनच्या वरच्या टोकाला पोहोचत नाही. बार खाली असला की बोरिवलीपर्यंत निवांत वाचता येतं.

मग मेन्यूतल्या एक्स्टेंशन्समधून, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनांतून, जाहिराती अडवणारं ‘युब्लॉक ओरिजिन’ टाका. खरा फरक इथे पडतो. जाहिरातींचा बराचसा कोड फोनवर उतरतच नाही. पान पटकन उघडतं, डेटाही वाचतो. आयफोनवाल्यांना हा लाभ नाही, कारण तिथला फायरफॉक्स ॲपलच्या वेबकिट या इंजिनावर चालतो आणि ही एक्स्टेंशन्स त्यावर बसत नाहीत.

ट्रॅकिंग प्रोटेक्शन, म्हणजे माग काढणाऱ्यांपासूनचं संरक्षण, ‘स्टँडर्ड’वरच राहू द्या. ‘स्ट्रिक्ट’ केलं की एखाद्या साइटवर बटण दाबूनही काही हलत नाही. तसं झालं तर पत्त्याशेजारच्या चिन्हावर टॅप करून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. तरीही अडलं तर सरळ क्रोम उघडा. काही साइट बनवणारे फक्त क्रोमवरच तपासून मोकळे होतात. वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला त्यांच्याशी हट्ट करून उपयोग नाही.

शोधासाठी सहसा गूगलच लावलेलं असतं. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न त्यासाठी गूगलशी केलेल्या करारातूनच येतं, हा या ब्राउझरचा जुना अवघडलेपणा. हवं तर डकडकगो हे दुसरं शोधयंत्र निवडा. मराठी शोधात ते मला तरी उणं वाटतं.

आता आवरा. एक्स्टेंशन्सचा हव्यास नको, कारण त्यांतली बरीचशी तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात. शिवाय स्क्रीनचं माप, भाषा, फॉन्ट, बदललेल्या सेटिंग्ज यांच्या जुळणीवरून कुकीशिवायही, म्हणजे साइटने फोनवर ठेवलेल्या खुणेच्या छोट्या फाइलशिवायही, फोन ओळखता येतो. म्हणजे ब्राउझर जितका मनासारखा सजवाल, तितका तो गर्दीत उठून दिसतो. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टोर ब्राउझर म्हणूनच सगळ्यांना शक्य तितकं एकसारखं ठेवतो.

आणि प्रायव्हेट टॅबवर फार विसंबू नका. त्यात इतिहास राहत नाही तो फक्त तुमच्या फोनवर. ऑफिसच्या वायफायवर कोणती साइट उघडलीत, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला कळू शकतं.