टेकडीवर झाडं लावायची आहेत? आधी वर्षभर तिथं चाला

जून लागला की नागपुरात सगळ्यांना झाडं लावायची असतात, आणि ते चांगलंच आहे, पण सेमिनरी हिल्स, गोरेवाडा नाही तर अंबाझरीच्या जंगलाच्या तुकड्यात तुमच्या कॉलनीच्या ग्रुपला काही करायचं असेल तर माझं सांगणं एवढंच, की आधी चाला, मग लावा, आणि पुढचे दोन मे महिने पाणी देता येईल तेवढीच लावा. पाचशे रोपं लावून फोटो काढायचे आणि मग तिकडे फिरकायचंच नाही, याच्यापेक्षा पंधरा झाडं जगवणं फार मोठं काम आहे.

चालायचं काहून? तर ती जागा रिकामी नसते म्हणून. मार्चमध्ये वाळलेला माळ दिसतो, तिथंच जुलैत कमरेएवढं गवत राहते, त्या गवतात तितर असतात, चंडोल असतात, टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. अशा माळावर ओळीनं खड्डे मारून झाडं लावली तर जंगल वाढलं असं आपल्याला वाटते, खरं तर एक चांगला गवताळ तुकडा गेलेला असतो. म्हणून सगळे ऋतू एकदा बघून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुललेली असते, तेव्हा पानं नसतात आणि लांबूनच ओळखता येतात. मार्चच्या शेवटी, एप्रिलमध्ये मोह फुलतो, फुलं पहाटे पडतात, उजाडता उजाडता गेलात तर झाडाखाली सडा आणि वास दोन्ही मिळतात. मे मध्ये चारोळी आणि तेंदू पिकतो. जूनमध्ये पाऊस पडायच्या आसपास नवरंग पक्षी येतो, तो दिसायच्या आधी त्याची शीळच ऐकू येते. आणि ऑगस्टमध्ये कोणती बाजू पाण्यानं भरते, कुठं पाणी वाहून जाते, कुठं साचून राहते हे बघा, कारण झाड कुठं लावायचं याचं उत्तर तिथंच मिळते.

वॉक कसा घ्यायचा ते सांगतो. एका ग्रुपमध्ये बारा-पंधरा लोकांच्या वर नको, एक वाट माहीत असलेला माणूस पुढे आणि एक शेवटी, लहान पोट्टे मधात. उन्हाळ्यात सहाला चालायला लागा आणि साडेआठला बाहेर या, मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते तेव्हा उशिरा निघणाऱ्यांसाठी थांबूच नका. जिथं गेट आणि तिकीट आहे तिथं त्यांच्या वेळेत आणि ठरलेल्या वाटेनंच जायचं, गोरेवाड्याकडे बिबट आहे हे विसरू नका, त्यामुळे झुंजूमुंजू असताना एकट्यानं किंवा लेकरं घेऊन आडवाटेला शिरू नये. फुल पँट, बंद बूट, पाण्याची बाटली. डिओ-अत्तर लावून येऊ नका, आग्या मोहोळ असते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, विणीच्या दिवसांत तर नाहीच. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. चावलाच तर बांधाबांधी, चिरे, झाडपाला यात वेळ न घालवता पाय हलू न देता सरळ मेडिकल नाहीतर मेयो हे सरकारी दवाखाने गाठायचं, १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. काका-काकू मंडळी हळू चालतात तर ग्रुपनं त्यांच्याच चालीनं चालावं, त्यांनाच बहुतेक वेळा झाडांची गावाकडची नावं माहीत असतात, आणि कोणत्या झाडाचा डिंक काढतात, कोणत्याच्या पानांच्या पत्रावळी होतात हे पोरांना तेच सांगतात.

चालताना एक गोष्ट मुद्दाम शोधा, आपोआप आलेली रोपं. पळस आणि तेंदू मुळांपासून फुटतात, तोडलेल्या सागाच्या खुंटाला धुमारे येतात. वर वीतभर रोप दिसते पण खाली मूळ जुनं आणि खोल असते, त्याला टँकरचं पाणी लागत नाही. त्याला फक्त ढोरांपासून, नीलगायीपासून आणि आगीपासून वाचवायचं. त्याच्याभोवती बोरीबाभळीच्या काट्या रचा, शेजारी दगडावर रंगानं नंबर टाका, झालं. माझ्या मते ग्रुपचं पहिलं वर्ष एवढ्यावरच जावं, नवीन एकही रोप नाही लावलं तरी चालते.

दुसरं काम घाणेरीचं, म्हणजे लँटाना काढायचं. ती सगळीकडे पसरली आहे आणि तिच्या सावलीत दुसरं फारसं काही उगवत नाही. पावसात माती भुसभुशीत असताना, काळी फळं धरायच्या आधी, मुळाचा गड्डा जमिनीच्या खालून कापून उपटायची आणि उलटी करून ठेवायची. वरून नुसती छाटली तर दुप्पट फुटते. पण एकाच वेळी सगळी साफ करू नका, लहान पक्षी त्या काट्यात घरटी करतात, थोडी थोडी काढा आणि जिथून काढली तिथं काय उगवते ते बघा.

आता लावायचं. ही जमीन वनविभागाची असते, त्यामुळे परवानगीशिवाय एक खड्डाही खणायचा नाही. आरएफओ साहेबांकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्या, त्यात जागा, झाडांची नावं, किती झाडं, आणि उन्हाळ्यात पाणी कोण देणार हे लिहा. शेवटचा मुद्दा लिहिलेला असला की आपल्याकडे गंभीरपणे बघतात. हे काम एप्रिलच्या आत करा, कारण खड्डे मे मध्ये खणायचे असतात, दीड फूट लांब-रुंद-खोल, म्हणजे उन्हानं माती चांगली तापते. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरचीच माती, शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड.

झाड जागा बघून निवडा. मुरमाड चढावर धावडा, सालई, मोईन, आपटा, खैर, चारोळी. माती खोल असेल तर मोह, बेहडा, कुसुम, तेंदू. नाल्याच्या काठानं अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. काळ्या मातीत पाणी थांबते तिथं पळस निभावून नेतो, बाकीचे बरेच सडतात. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया हे जंगलात नकोच, कोणी फुकट दिले तरी नको. रोपं वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीतून घ्या, दोन-तीन फुटांचं, पिशवीच्या खालून मुळं बाहेर न आलेलं. बी गोळा करणार असाल तर मोह, जांभूळ आणि कडुनिंब यांचं बी जास्त दिवस टिकत नाही, फळ पडलं की त्याच आठवड्यात पेरा. बिब्याला मात्र उघड्या हातानं हात लावू नका, चिकानं कातडी भाजते.

पहिल्या सरीला लावायची घाई नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत ओली झाली की, साधारण जूनच्या शेवटापासून जुलैभर लावा. काळी माती लिबलिबीत असताना त्यात शिरायचं नाही, ती तुडवली की दगडासारखी घट्ट होते. पिशवी ब्लेडनं कापायची, मुळं गोल फिरलेली असतील तर टोकं छाटायची, पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत, बुंध्यावर माती चढवायची नाही. चढावर आळं उताराच्या बाजूनं अर्धचंद्रासारखं करा, वरून येणारं पाणी अडते. आणि रिकाम्या पिशव्या सगळ्या मोजून परत आणा, लावल्या तेवढ्या.

खरं काम ऑक्टोबरपासून. पाऊस गेला आणि हीट सुरू झाली की पहिला फटका तेव्हाच बसतो. पाण्याचा हिशोब आधीच करा, एका झाडाला आठवड्याला दहा लिटर धरा, टेकडीवर एक माणूस पाच-पाच लिटरच्या दोन कॅन नेऊ शकतो, म्हणजे पंधरा माणसं नक्की येणार असतील तर पंधरा झाडं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये साठ लोक आहेत म्हणून साठ झाडं धरू नका, मे च्या रविवारी किती येतात ते धरा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्या, मूळ खाली जाते.

आळ्यात पालापाचोळा टाका, पण फेब्रुवारी लागला की तो काढून चपटे दगड मांडा. दगडाखाली ओल राहते आणि वणवा आला तर झाडाच्या बुंध्याशी जळायला काही नसते. दगडांना आपल्या टेकड्यांवर तोटा नाही. झाडाभोवतीचं गवतही हातभर कापून ठेवा. धूर दिसला तर स्वतः विझवायला धावू नका, आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन करा आणि लोकांना बाहेर काढा.

एक वही ठेवा, नंबरानुसार प्रत्येक झाड, जून आणि ऑक्टोबरमध्ये जिवंत आहे का, उंची किती, कोणी खाल्लं का. मे मध्ये सगळी पानं गळाली म्हणून मेलं असं लिहू नका, नखानं साल थोडी खरवडा, आत हिरवं असेल तर पाणी चालू ठेवा. जे खरंच गेलं त्या जागी पुढच्या जुलैत लावायच्या आधी का गेलं ते शोधा, वाळवीनं गेलं असेल तर पेंड वाढवा, पाणी साचून गेलं असेल तर तिथं झाडच बदला. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत वही ज्याच्याकडे असेल त्याचा आणि अजून एकाचा नंबर बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाकडे देऊन ठेवा, म्हणजे काट्या मोडलेल्या दिसल्या तर तेच फोन करतात.