रोडॉप्सिनचं जनुक शमवायचंय? एएव्हीची आखणी अशी करा

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: जनुक बंद पडल्यावर ती पेशी कशावर जगणार? उत्तर आल्याशिवाय मी पिपेट हातात देत नाही.

रोडॉप्सिन हे दृष्टिपटलातल्या दंडपेशींचं प्रकाश टिपणारं प्रथिन. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराच्या, रोडॉप्सिनमुळे होणाऱ्या प्रभावी (डॉमिनंट) प्रकारात त्याच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असते, पण तिच्यापासून बनणारं सदोष प्रथिन दंडपेशींचा जीव घेतं. त्यामुळे २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लक्सटर्ना या जनुकोपचारासारखी नुसती नवी प्रत घालून इथे भागत नाही. शिवाय या जनुकात दीडशेहून जास्त उत्परिवर्तनं सापडली आहेत, प्रत्येकासाठी वेगळा व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारं वाहन, इथे एएव्ही हा विषाणू) कोण बनवणार? म्हणून माझा कल ठाम आहे: चांगला-वाईट असा भेद न करता रोडॉप्सिनचा सगळा आरएनए शमवा आणि त्याच व्हेक्टरमधून शमनाला दाद न देणारी प्रत परत द्या. २०१८ साली टी४आर उत्परिवर्तन असलेल्या कुत्र्यांमध्ये एएव्ही५ वापरून ही वाट चालते हे दिसलं. तो निकाल वाचताना मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

परत द्यायची प्रत आधी कागदावर लिहून काढा. शमन करणारा एसएच-आरएनए (हेअरपिनसारखा दुमडलेला छोटा आरएनए) जिथे चिकटतो, तेवढ्याच पट्ट्यात कोडॉनचं, म्हणजे तीन अक्षरी संकेताचं, तिसरं अक्षर बदलायचं. जीजीसीच्या जागी जीजीटी लिहिलंत तरी ग्लायसीनच येतं. असे बदल एका टोकाला न कोंबता पट्टाभर पसरवा, मधल्या भागात तर हवेतच. उंदराचा आणि माणसाचा क्रम तंतोतंत सारखा नसतो, तेव्हा मानवी क्रमासाठी बनवलेला एसएच-आरएनए तपासायला मानवी रोडॉप्सिन असलेलेच उंदीर घ्या.

आता प्रमोटर, म्हणजे एसएच-आरएनएचं उत्पादन चालू करणारा क्रम. यू६ जोरकस आहे म्हणून सगळे तिकडे धावतात, मी मात्र एच१ पासून सुरुवात करायला सांगते. एसएच-आरएनएचा पूर आला की पेशीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएना केंद्रकाबाहेर नेणारं एक्स्पोर्टिन-५ अडकून पडतं. २००६ साली यकृतात असा अतिरेक झाल्याने उंदीर दगावल्याचं प्रसिद्ध झालं होतं. दंडपेशी आधीच त्रासलेली असते, तिच्यावर हा भार नको. क्रमात कुठे सलग चार टी आले आहेत का, तेही बघा, कारण तिथे लिप्यंतर मध्येच थांबतं.

जागेची चिंता नाही. एएव्हीत सुमारे ४.७ किलोबेस मावतात आणि रोडॉप्सिनचा सांकेतिक भाग जेमतेम १०४७ अक्षरांचा. खरी डोकेदुखी आयटीआरची, म्हणजे व्हेक्टरच्या दोन्ही टोकांच्या पुनरावृत्त क्रमांची. जिवाणूंमध्ये ते सहज गळतात, म्हणून पुनर्संयोजन कमी करणारा वाण घ्या, ३० अंशांवर वाढवा आणि प्रत्येक नव्या तयारीनंतर एसएमए-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने कापून जेलवर पट्ट्या पाहा. एसएच-आरएनएच्या हेअरपिनमुळे अर्धवट जीनोमही भरले जातात, तेव्हा तयार विषाणूचा डीएनए अल्कलाइन जेलवर (तिथे जीनोमची लांबी कळते) चालवल्याशिवाय इंजेक्शनची तारीख ठरवू नका.

प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी हातात आली की इंजेक्शन. व्हेक्टर प्लास्टिकला आणि सुईला चिकटतो, म्हणून बफरमध्ये ०.००१ टक्का प्लुरॉनिक एफ६८ घाला, नाहीतर ठरवलेला डोस डोळ्यात पोचणारच नाही. प्रौढ उंदराला दृष्टिपटलाखाली सुमारे एक मायक्रोलिटर पुरतं. इंजेक्शनने दृष्टिपटल उचललं जाऊन झालेला फुगा नेमका कुठे उठला ते लगेच ओसीटीवर (दृष्टिपटलाच्या थरांचं चित्र) टिपून ठेवा.

नियंत्रण गटांत काटकसर मुळीच करू नका. विस्कटलेल्या क्रमाचा हेअरपिन हवा, फक्त बदली प्रत हवी, फक्त शमनही हवं. यातला शेवटचा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो: तिथे दंडपेशी खंगल्या, तरच शमन खरोखर झालं असं मी मानते. बदली प्रत मात्र जास्त झाली तरी घातक ठरते, निरोगी दंडपेशीदेखील जादा रोडॉप्सिन सोसत नाही. म्हणून डोस किमान तीन ठेवा आणि बदललेल्या कोडॉनवर प्रायमर बसवून मूळ आरएनए व नवा आरएनए वेगवेगळे मोजा.

ईआरजी म्हणजे प्रकाशाला डोळ्याने दिलेल्या विद्युत प्रतिसादाची नोंद. त्याआधी उंदीर रात्रभर अंधारात ठेवा आणि ए-लहरीकडे आधी बघा, ती प्रकाशग्राही पेशींचीच असते. पण ईआरजी अख्ख्या डोळ्याची सरासरी सांगतं आणि उपचार झालेला असतो फुग्यापुरता. त्यासाठी छेद फुग्याच्या कडेवरून घ्या, म्हणजे एकाच काचपट्टीवर दोन्ही बाजू दिसतील. निरोगी उंदरात बाह्य केंद्रकस्तरात (प्रकाशग्राही पेशींच्या केंद्रकांचा थर) दहा ते बारा ओळी असतात. कडेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ओळी मोजा, आणि मोजणाऱ्याला कोणती बाजू कोणती हे सांगू नका.